भीतीचं माप घेणारे मामा

आमच्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही कडेच्या की मधल्या?"

मी नुकती बैलगाडीतून उतरले होते. पुण्याहून पौड आणि पौडाहून पुढे मुळशी पेट्यातल्या या गावापर्यंत गाडीचे धक्के खाऊन अंगाचा पार भुगा झाला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांची इथल्या शाळेवर मास्तर म्हणून बदली झाली होती. घरमालकांच्या कौलारू घराचा अर्धा भाग आम्हाला राहायला मिळायचा होता. असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी पदर सावरत भिंतीला टेकले.

"कडेच्या!" ते आनंदाने म्हणाले. "मला वाटलंच होतं. अहो, अंगण एवढं मोकळं पडलंय आणि तुम्ही बरोब्बर भिंत गाठलीत."

सारा गाव त्यांना उंदीरमामा म्हणायचा. तोंडावर नुसतं मामा, पाठीमागे उंदीरमामा. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही चालत होतं. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगानं काटकुळे, नाकावर घसरणारा चष्मा, आणि सदऱ्याच्या खिशातून एक-दोन पांढरी शेपटं बाहेर आलेली. लग्न केलेलं नव्हतं. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत प्लेगावर काम चालायचं, तिथे त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली होती. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की पिंजऱ्यातले सगळे उंदीर सारखे घाबरत नाहीत. कुणी घाबरला की खाणं सोडतो, कुणी दातओठ खातो, आणि कुणी आरामात मिशा साफ करत बसतो. ते साहेबाला म्हणाले, "औषधाचा परिणाम मोजण्याआधी यांची भीती मोजायला हवी." साहेब पोट धरून हसला. मामांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. वडिलांची थोडी जमीन या गावात होती. टोपलीत पांढऱ्या उंदरांची जोडी घालून ते इथे येऊन राहिले.

मी आले तेव्हा त्या जोडीच्या पणतवंडांनी गोठा भरला होता.

आता मला उंदरांची इतकी भीती, की माहेरी स्वयंपाकघरात खुडबुड झाली तरी मी पाटावर चढायची. आणि आमच्या न्हाणीला लागूनच हा उंदरांचा गोठा! पहिले आठ दिवस मी अंघोळ करताना मोठमोठ्याने आरत्या म्हणत असे. मग एकदा कुतूहल भीतीपेक्षा मोठं झालं आणि मी दारातून डोकावले.

मामा मांडी घालून बसले होते. पुढ्यात भात साठवायची कणगी होती. वरचा भाग कापून तिची नुसती बुटकी, गोल भिंत उरवलेली. आत चुन्याने सारवलेली पांढरी जमीन आणि तिच्यावर गेरूने आखलेल्या चौकटी. मामांनी एक उंदीर शेपटीला न धरता, दोन्ही तळव्यांवर घेऊन, तान्ह्या मुलासारखा मधोमध ठेवला. उंदीर क्षणभर थिजला आणि मग तिरासारखा भिंतीकडे पळाला. भिंतीला अंग घासत फिरला, थांबला, फिरला. मामा एका हातात घड्याळ धरून पुटपुटत होते. थोड्या वेळानं त्यांनी उंदीर उचलून घेतला आणि चिमट्याने त्याच्या लेंड्या गोळा करायला लागले.

"हे काय हो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"भीती," मामा म्हणाले आणि चिमटा वर धरला. "ही एवढी. माणसाची भीती सापडत नाही, कारण माणूस खोटं बोलतो. उंदीर बिचारा जे वाटतं ते करून मोकळा होतो. जितका घाबरेल तितकी त्याला परसाकडे लागते. शिवाय किती चौकटी ओलांडल्या, मधे यायला किती वेळ लावला, तेही बघायचं. जो भिंत सोडतच नाही तो कडेचा. जो हळूहळू मधे येऊन वास घ्यायला लागतो तो मधला."

मला हसू आवरेना. ते मुळीच रागावले नाहीत. उलट माझ्याबरोबर हसले आणि म्हणाले, "पुण्याला माझ्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. फार वाईट वाटलं मला."

ही कडेचे आणि मधले अशी विभागणी त्यांनी सगळ्या गावाला लावली होती. पंगतीत भिंतीला पाठ लावून बसणारे कोण, चावडीवर मधे उभं राहून बोलणारे कोण, ते सगळं बघत असत. गावानेही हे शब्द उचलले होते. कुस्तीच्या आखाड्यात एखादा गडी मागे मागे सरकायला लागला, की पोरं ओरडायची, "आरं ह्यो कडंचा हाय! मामाच्या कणगीत घाला त्येला!" पाटलीणबाई, म्हणजे गावच्या पाटलांची बायको, सुनेविषयी मला म्हणाली होती, "लई गुणाची पोर, पर कडंची हाय बगा. सासऱ्याम्होरं तोंड म्हनून उघडत न्हाई."

काही दिवसांनी मला एक गंमत दिसली. मामा स्वतः कधीच अंगणाच्या मधून जात नसत. गोठ्यातून ओटीवर यायचं तर भिंतीभिंतीने यायचे. शेतातून जायचं तर बांध धरून. देवळात प्रदक्षिणा घालताना एक हात भिंतीवर. पाल दिसली की त्यांचा आवाज बायकी व्हायचा. वीज कडाडली की ते "काही नाही, काही नाही" असं स्वतःलाच सांगत माजघरात फेऱ्या मारायचे. मी धीर करून एकदा बोललेच, "मामा, तुम्हीसुद्धा कडेचेच की हो!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू मी त्यांना मोठं बक्षीस दिलं. "शाबास! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी, तुमची नजर शास्त्रज्ञाची आहे." त्या दिवसापासून कणगीजवळ घड्याळ धरायचं काम माझ्याकडे आलं. महिन्याभरात मी उंदीर हातात घ्यायला लागले. ह्यांनी ते पाहिलं तेव्हा ह्यांच्या हातातला तांब्या पडला.

गावाजवळून एक मोठा ओढा वाहायचा. त्याच्या पलीकडच्या तीरावर धरणाच्या कामावरल्या मजुरांसाठी दवाखाना काढलेला होता, आणि तिथे एक नर्सबाई होती. वय असेल तिशी-पस्तिशीचं. लहानपणीच नवरा गेलेला. पुण्याला शिकून नर्स झाली होती. तट्टावर बसून वाड्या-वस्त्यांवर एकटी फिरायची. सापाचं औषध द्यायला बोलावलं तर आधी साप मारायची आणि मग औषध द्यायची, अशी तिची ख्याती. उन्हाळ्यात ती एकदा आमच्याकडे आली, सरळ गोठ्यात गेली, आणि ठिपकी नावाच्या सगळ्यात भित्र्या मादीला उचलून तिने खांद्यावर ठेवली. ठिपकी तिथे शांत बसून राहिली. मामा बघतच राहिले. त्या दिवशी त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा पिऊनही टाकला.

मामा नर्सबाईशी काही बोलतील अशी आशा मी आणि हे दोघेही धरून होतो. पण ती समोर आली की मामांना उंदरांखेरीज विषय सुचत नसे. त्यातून पावसाळा लागला. उन्हाळ्यात उभी दरड उतरून दगडांवरून पलीकडे जाता यायचं, तेही पायांत जोर असेल तर; ओढ्याला पाणी आलं की फक्त साकव उरायचा, म्हणजे दोन ताडमाड ओंडके शेजारी शेजारी टाकलेले आणि खाली घोंघावणारं लाल पाणी. पोरंटोरं त्याच्यावरून पळत जायची. मामा मात्र आषाढ लागला की दसऱ्यापर्यंत त्या तीराला जात नसत. मग भेट कशी व्हायची? तर मामा अलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभे, नर्सबाई पलीकडच्या काठावर उभी, आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलणं चाललेलं.

"नर्सबाई! ठिपकीला पिल्लं झाली!"

"काय झालं?"

"पिल्लं! पिल्लं!"

"खातेय का ती नीट?"

"खातेय! तुमची आठवण..." इथे मामा छत्री दुसऱ्या हातात घ्यायचे. "तुमची आठवण ठिपकी काढते!"

भाताच्या खाचरातून कंबरेत वाकलेल्या बाया एकमेकींना कोपरं मारायच्या. "उंदरी काडती म्हनं आठवन! आन ह्यो न्हाई काडत व्हय?"

त्या ठिपकीच्या पिल्लांवर मामांनी मोठा प्रयोग मांडला होता. भित्र्या आईची पिल्लं शांत आईच्या कुशीत द्यायची आणि शांत आईची भित्र्या आईकडे. मोठी झाल्यावर कोण कडेला पळतं ते बघायचं. मला तेव्हा दिवस गेलेले होते. एकदा घड्याळ धरून बसले असताना मनातलं ओठांवर आलं. "मामा, मी इतकी भित्री. माझं मूलही भित्रं निघेल का?"

दुसरा कुणी असता तर छे छे म्हणून मोकळा झाला असता. मामांनी बराच विचार केला. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण आतापर्यंत एवढं दिसलंय, की पिल्लाला रोज हातात घेऊन कुरवाळलं, तर भित्र्या आईचं असलं तरी ते मधे यायला लागतं. तेव्हा तुम्ही त्याला खूप कुरवाळा. बाकीचं मी मोजून सांगेन."

श्रावणात एका दुपारी माझं पोट दुखायला लागलं. अजून पंधरा-वीस दिवस अवकाश होता. हे पौडाला गेले होते. गावातली सगळी धडधाकट माणसं डोंगरउतारावर नाचणीच्या लावणीला गेलेली. पाटलीणबाई तेवढी धावत आली. तिने पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा बदलला. ती बाहेर ओटीवर गेली, पण मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"मामा, पोर आडवं हाय. माज्यानं व्हायचं न्हाई. नरसबाईला आना."

"मी?"

"मंग कोन? मी हिला टाकून जाऊ व्हय?"

मला वाटलं, संपलं. मामा जायचे नाहीत. पाऊस असा कोसळत होता की समोरचा गोठाही दिसत नव्हता. मी डोळे मिटले आणि आईला हाका मारायला लागले.

पुढचं मला नर्सबाईने नंतर सांगितलं. ती दवाखान्याच्या ओसरीत पट्ट्या गुंडाळत होती. तेवढ्यात तिला साकवावर कुणीतरी दिसलं. चालत नव्हतं. ओंडक्यावर घोड्यावर बसावं तसं बसून, दोन्ही हातांनी पुढे पुढे सरकत होतं. धोतराचा चिखल झालेला, चष्मा कपाळावर, डोळे घट्ट मिटलेले. आणि मोठमोठ्याने ओरडत होतं. ती पळत काठावर गेली तेव्हा तिला ऐकू आलं. मामा एकोणिसाचा पाढा म्हणत होते. तो संपला की एकोणतिसाचा सुरू. काठावर पोचले तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. तिने हाताला धरून उतरवलं तेव्हा ते फक्त एवढंच बोलले, "वहिनी. पोर आडवं. जा." आणि तिथेच चिखलात बसले.

नर्सबाईने पिशवी उचलली आणि साकवावरून निघाली. ती आत आली तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते, पण बोलणं इतकं शांत, की माझं अर्धं दुखणं तिथेच उतरलं. "काही घाबरू नका," ती म्हणाली. "घाबरायचं काम आज मामांनी सगळ्यांच्या वतीनं उरकलंय." दिवस मावळायच्या आत तिने पोर फिरवून घेतलं, आणि मला मुलगी झाली. पोरीने असा टाहो फोडला, की पाटलीणबाई हसत हसत रडायला लागली. "ही काय कडंची न्हाई बगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे परत आले. सगळं ऐकल्यावर पहिला प्रश्न ह्यांनी केला, "मामा कुठायत?" आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मामा परत आलेच नव्हते.

ते पलीकडे दवाखान्याच्या ओसरीत घोंगडी पांघरून बसले होते. जाताना विचार करायला वेळ नव्हता. येताना मात्र अख्खी रात्र विचार करायला मिळाली होती आणि त्यामुळे त्यांना येता येईना. पाऊस उघडला होता. निम्मा गाव ओढ्याच्या काठी जमला. पाटील ओरडले, "मामा, या की! काल गेलासा तसं या!" मामांनी पलीकडून हात हलवला, पण ते जागचे हलले नाहीत.

शेवटी नर्सबाईच उठली. ती साकवावरून पलीकडे गेली, त्यांचा हात धरला आणि दोघं निघाली. ती पुढे, पाठ आमच्याकडे करून, उलट्या पावलांनी. मामा तिच्या तोंडाकडे बघत. मध्यावर आल्यावर मामा एकदम थांबले. ते काहीतरी बोलले. नर्सबाईही काहीतरी बोलली. पाण्याच्या आवाजात आम्हाला एक अक्षर कळलं नाही. मग नर्सबाई मोठ्याने हसली, इतकी, की काठावरच्या बाया घाबरून "आगं आगं" करायला लागल्या.

काय बोलले असतील, यावर गावात पुष्कळ दिवस चर्चा झाली. मला मात्र तिने सांगितलं. मामांनी तिचा हात मनगटाशी धरला होता. मध्यावर ते म्हणाले, "नर्सबाई, तुमची नाडी फार जलद चाललीय. तुम्हीसुद्धा घाबरलायत!"

ती म्हणाली, "मी दर वेळी घाबरते. कुणी विचारलंच नव्हतं कधी."

त्यावर मामांनी त्या ओंडक्यावर उभ्या उभ्या तिला लग्नाचं विचारलं. सगळा आषाढ जे काठावरून ओरडून जमलं नव्हतं, ते मध्यावर हळू बोलून झालं.

विधवेचं लग्न, तेही ऐन चातुर्मासात, म्हटल्यावर पुण्याहून मामांचे भाऊ आले. ओटीवर बसून त्यांनी घराण्याचं नाव, लोक काय म्हणतील, वगैरे पुष्कळ सांगितलं. पाटील शेजारी तंबाखू मळत ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "काका, आमच्यात नवरा गेल्याव बाईमानसाचा पाट लागतो, दुसरं लगीन व्हतं. आमची घरं काय बुडाली न्हाईत. आन ह्येंनी तर आख्ख्या गावादेकत तिचा हात धरलाय. आता लगीन लावलं न्हाई तर आमच्या गावाची अब्रू जाईल, तिचं काय?" भावांना या बाजूने कधी विचार करावा लागला नव्हता. ते लग्नाला थांबलेसुद्धा. मी बाळंतिणीच्या खोलीतून, पोरीला मांडीवर घेऊन, मंगलाष्टका ऐकल्या. पाटलीणबाईने आंबेमोहोर शिजवला होता, त्याचा वास घरभर.

जेवणं झाल्यावर पाटलांनी विचारलं, "मामा, गावानं तुमाला आहेर काय द्यावा?"

मामा चटकन म्हणाले, "साकवाला कठडा घाला."

तरणी पोरं फिसकन हसली. "कठडा कशापायी, मामा? समदी पळत जात्यात की त्येच्यावरनं. तुमी सोडून."

"पळणारे तुम्हाला दिसतात," मामा म्हणाले. "जे येतच नाहीत ते कसे दिसतील?"

पाटलांना ते किती पटलं कोण जाणे, पण आहेर तो आहेर. पाऊस कमी झाल्यावर गावाने दोन्ही बाजूंनी खांब ठोकले, त्यांना जाड वेळू बांधले, ओंडक्यांवर फळ्या ठोकल्या. नर्सबाई रोज दवाखान्यात जाताना तो कठडा हलवून बघायची. मामाही बघायचे, पण खांबाला धरून, अलीकडूनच.

पुढे काही वर्षांनी धरणाचं पाणी खोऱ्यात चढलं. साकव, खाचरं, आमची शाळा, सगळं पाण्याखाली गेलं. मामा आणि नर्सबाई, उंदरांच्या टोपल्या घेऊन, मुठा खोऱ्यातल्या एका गावी राहायला गेली. आमची बदली त्याआधीच झाली होती. तिकडेही त्यांचं मोजणं चालू होतं म्हणे, आणि तिकडचा गावही हसायला लागला होता. पण मला त्या गावातला शेवटचा म्हणून दिवस आठवतो, तो कठडा पुरा झाला त्या सकाळचा.

नारळ फोडायला सगळे जमले होते. तेवढ्यात गर्दीतून ठकूआजी पुढे आली. पाठीत वाकलेली म्हातारी. तिची एकुलती एक लेक पलीकडच्या वाडीत दिलेली, काठावरून तिचं छप्पर दिसावं इतक्या जवळ. पण आजी कित्येक वर्षांत लेकीच्या घरी गेली नव्हती. विचारलं तर म्हणायची, "मला न्हाई पटत तिचं घर." जावयाशी भांडण आहे, असं सगळा गाव समजून होता. लेकही तेच समजून होती. मानापायी तीही येत नसे.

आजीने कुणाला काही विचारलं नाही. काठी पाटलीणबाईच्या हातात दिली, दोन्ही हातांनी कठडा धरला, आणि एक एक पाऊल टाकत निघाली. नारळ पाटलांच्या हातात तसाच राहिला. मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण पाढा होता की आणखी काही, ते कळलं नाही.

पलीकडच्या खाचरात लेक भात कापत होती. तिने मान वर करून पाहिलं, कपाळावर हात आडवा धरून पुन्हा पाहिलं, आणि विळा टाकून धावत सुटली. साकवाच्या तोंडाशीच तिने आईला गाठलं आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. रडता रडता भांडतही होती.

"आये, एवडी वर्सं? एवडी वर्सं गं? माझं काय चुकलं व्हतं?"

ठकूआजीने पदराने तिचे डोळे पुसले.

"तुजं काय न्हाई चुकलं, बाये," ती म्हणाली. "कठडा न्हवता."